मापात पाप नको!

शेर-पायलीच्या जमान्यात मापावर सरकारी छाप असे. तरीही गिऱ्हाईकाची नजर काट्यावरून हलत नसे. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी मापाकडे पाहण्यात त्याचा अपमान होतो असे कोणी मानीत नसे. उलट, जो दुकानदार गिऱ्हाईकाला काटा नीट दिसेल असा तराजू धरी, त्याच्याच दुकानी गर्दी होई. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग त्याच व्यवहारातून आला. इतर लबाडी चालून जाईल, मापातली चालणार नाही, असा तो दंडक.

विजेचे माप मात्र चमत्कारिक आहे. ते आपल्याच भिंतीवर टांगलेले असते, रात्रंदिवस आपलेच मोजते, आणि तरीही ते कसे मोजते हे घरातल्या एकालाही ठाऊक नसते. लाइटबिल आले की आकडा पाहावयाचा, ‘या खेपेस जास्त आले’ असे म्हणावयाचे आणि भरून टाकावयाचे, ही आपल्या घरांची रीत. जुन्या, भरल्या घरांची तर विशेषच. दांडियाबाजार-रावपुऱ्याच्या वाड्यांत वाढलेल्या आपल्या लोकांना पैशाची घासाघीस करणे थोडे कमीपणाचे वाटते. मीही राजवाड्याच्या चाकरीतल्या गवयाच्या घरात वाढलो. तेथे सुरांचा हिशेब काटेकोर आणि रुपयांचा ढिला, असा प्रकार होता. परंतु आता काळ असा आला आहे की, हा ढिलेपणा परवडणारा नाही. कारण भिंतीवरचे ते माप बदलते आहे, आणि त्याबरोबर आपला आणि वीज विकणाऱ्याचा सारा संबंधच बदलू पाहतो आहे.

मे 2024 मध्ये आपल्या बडोद्यात जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. मध्य गुजरात वीज कंपनीने घरोघरी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्यास आरंभ केला, आणि थोड्याच दिवसांत लोक कंपनीच्या कचेऱ्यांवर मोर्चे घेऊन गेले. आयुष्यात कधी घोषणा न दिलेल्या गृहिणीही त्यांत होत्या. तक्रार एकच: पूर्वी दोन महिन्यांच्या बिलाला जेवढे पैसे लागत, तेवढे आता पंधरा-वीस दिवसांत संपतात. कंपनीचे उत्तर असे की, मीटर बरोबर आहे. उन्हाळा कडक आहे. शिवाय जुन्या मीटरची राहिलेली रक्कमही रोज थोडी थोडी कापली जात आहे. अखेर सरकारला दोन पावले मागे यावे लागले. शंका असेल तेथे शेजारी दुसरा मीटर बसवून पडताळणी करू, आणि नवे मीटर आधी सरकारी कचेऱ्यांत लावू, असे जाहीर झाले.

या साऱ्या गदारोळात दोन पक्ष पडले आणि दोघांनीही विचार करण्याचा आळस केला असे माझे मत आहे. एक पक्ष म्हणे, ‘यंत्र कधी खोटे बोलत नाही.’ दुसरा म्हणे, ‘हे यंत्र पळते.’ पहिल्या पक्षाला मी विचारतो: यंत्र खोटे बोलत नाही हे खरे धरले, तरी ते जे बोलते ते ऐकणाऱ्याला समजावे ही जबाबदारी कोणाची? दुसऱ्याला विचारतो: पळते म्हणता, तर कशाच्या मानाने? तुलना कशाशी केली?

तुलना! सगळे घोडे येथेच पेंड खाते. दोन गोष्टींची तुलना करावयाची तर त्यांचे परिमाण एक हवे. विलंबित एकतालाच्या एका आवर्तनाची तुलना द्रुत तीनतालाच्या एका आवर्तनाशी करून ‘हा तबलजी पळतो’ असे कोणी म्हणू लागला तर आपण त्याला हसू. त्या मे महिन्यात घरोघरी नेमके हेच चालले होते. आपल्याकडे घरगुती बिल दोन महिन्यांचे येई. मार्च-एप्रिलचे बिल घरात होते. त्याच्याशी मे महिन्यातल्या पंधरा दिवसांची तुलना झाली. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. पंखा ताशी एका युनिटच्या दहाव्या भागाहूनही कमी खातो. दीड टनाचे थंड हवेचे यंत्र मात्र ताशी एक ते दीड युनिट सहज खाते. मुले सुटीत घरी, पाहुणे आलेले, यंत्र दुपारी आणि रात्रीही चालू. आकडा चढणारच. त्यात जुन्या बाकीचा रोजचा हप्ता मिसळला. म्हणजे तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच आकड्यात कालवल्या गेल्या, आणि त्या वेगळ्या करून दाखविण्याची तसदी वेळेवर कोणी घेतली नाही. लोक चिडले यात नवल नाही. त्यांच्या हिशेबात चूक असेल. परंतु हिशेब त्यांच्यापुढे मांडण्याचे काम ज्यांचे होते, त्यांच्याकडे दोषाचा मोठा वाटा जातो.

आता यंत्राविषयी थोडे. जुन्या काळ्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची एक चकती फिरत असे. वीज जास्त खर्च झाली की चकतीचा वेग वाढे. लहान मुले तोंड वर करून ती पाहत. वर्षे गेली की तिच्या टेकूची झीज होई, धूळ बसे आणि चकती मंद होई. अगदी बारीक भार, एखादा मंद दिवा, तिला हलवीतही नसे. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, त्यांनी हे बारीकसारीकही टिपावयास सुरुवात केली. स्मार्ट मीटरचे मोजणे त्या इलेक्ट्रॉनिक मीटरसारखेच आहे. फरक आहे तो त्याच्या बोलण्यात. तो आपली नोंद दिवसातून अनेकदा मोबाइलसारख्या जाळ्यातून कंपनीकडे पाठवितो. आणि कंपनी तिकडे बसून त्याला हुकूम देऊ शकते, पुरवठा तोडण्याचासुद्धा. म्हणून ज्याच्या घरी चकतीचा थकलेला मीटर होता त्याचे बिल नव्या मीटरने वाढले, तर त्यात यंत्राची लबाडी नाही. पण ज्याच्या घरी इलेक्ट्रॉनिक मीटर आधीच होता, त्याला हे कारण सांगून वाटेला लावता येणार नाही. त्याची शंका तपासलीच पाहिजे.

दराचा भाग याहून मजेचा आहे. आपले बिल गुजरातीत येते आणि आपल्या घरांत गुजराती न वाचणारे कोणी नाही; अडचण लिपीची नाही, हिशेबाची आहे. आपल्या शहरातल्या घरगुती ग्राहकासाठी 2024-25 सालचा दर असा होता: महिन्याचे पहिले 50 युनिट 3 रुपये 5 पैशांनी, पुढचे 50 साडेतीन रुपयांनी, त्यापुढचे 150 युनिट 4 रुपये 15 पैशांनी, आणि 250 च्या वर 5 रुपये 20 पैशांनी. हे वाचून माणूस म्हणेल, दोनशे युनिटांचे साडेसातशेच्या आतच झाले की! बरोबर, 742 रुपये 50 पैसे. परंतु खरे बिल त्याच्या जवळजवळ दुप्पट येते. का? कारण दरपत्रकाच्या पाठीमागे इंधन आणि वीजखरेदीचा अधिभार उभा असतो. 2024 सालभर तो युनिटमागे 2 रुपये 40 पैशांहून जास्तच होता. 2 रुपये 45 पैसे धरला तर दोनशे युनिटांवर 490 रुपये. दोन ते चार किलोवॉट भाराच्या घराचा स्थिर आकार 25 रुपये. आणि या सगळ्यावर शहरी घरासाठी 15 टक्के वीज शुल्क. बेरीज सुमारे 1446 रुपये. तेच घर मे महिन्यात तीनशे युनिटांवर गेले तर आकडा 2265 च्या घरात जातो. वापर दीडपट, पैसे दीडपटीहून जास्त. कारण शेवटचे पन्नास युनिट महागड्या टप्प्यात पडले. आकडा चढण्याचे कारण मीटरमध्ये नव्हे, टप्प्यांत आहे, हे ज्याने एकदा कागदावर मांडून पाहिले तो रागावला तरी योग्य ठिकाणी रागावेल.

येथे कोणी म्हणेल, इतकी डोकेफोड कशाला? एक विक्रेता पसंत नसेल तर दुसऱ्याकडे जावे. मुंबईच्या उपनगरांत हे शक्य आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2008 च्या निकालाने टाटांना लहान ग्राहकांना वीज विकण्याचा मार्ग मोकळा झाला आणि तिकडचे कुटुंब आज अदानी की टाटा याचा विचार करू शकते. दोघांची दरपत्रके शेजारी ठेवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अनुभव विचारून ठरवू शकते. आपल्याकडे तसे नाही. अहमदाबादेत टोरंट, बडोद्यात मध्य गुजरात. जेथे राहाल तेथली कंपनी तुमची. गावात दुकान एकच. अशा ठिकाणी मोबाइलवर फिरणारे बरेवाईट अभिप्राय वाचून काय उपयोग? एकाने लिहावे ‘उत्तम सेवा’, दुसऱ्याने लिहावे ‘दिवसाढवळ्या लूट’. पण त्या दोघांच्या घरचा भार निराळा, माणसे निराळी, महिना निराळा. दुकान एकच असेल तर गिऱ्हाईकाच्या हाती एकच हत्यार उरते, ते म्हणजे मापाकडे लक्ष. शेजाऱ्याच्या बिलाशी आपले बिल ताडून पाहण्यापेक्षा आपल्याच गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी ताडावे. आणि रुपयांशी नव्हे, युनिटांशी. रुपये दरामुळे बदलतात, युनिट घरामुळे. युनिट तेवढेच आणि रुपये जास्त, तर विचारणा दराविषयी. युनिटच वाढले आणि घरात नवे काही आले नाही, तर विचारणा मीटरविषयी. एवढा एक भेद समजला तरी अर्धे भांडण मिटते आणि उरलेले अर्धे नेटाने भांडता येते.

नेटाने भांडण्यास कायद्याने जागा दिली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ग्राहक-हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. मीटरची नोंद प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार ग्राहकाने केली, तर कंपनीने पाच दिवसांच्या आत दुसरा मीटर जोडावयाचा आणि किमान तीन महिने दोहोंची नोंद ताडून पाहावयाची. मला हा नियम फार आवडला. आमच्या धंद्यात दुसरे काय करतात? एकच तानपुरा वाजत असला की कान हळूहळू त्याच्याच आहारी जातो. तो उतरला तरी गाणारा त्याच्याबरोबर उतरतो. शेजारी दुसरा जुळवून ठेवा, क्षणात कळते. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरजच उरत नाही. मोर्च्यानंतर सरकारने जे देऊ केले ते मेहेरबानी म्हणून नव्हे. ते आधीच नियमात लिहिलेले होते. त्याने समाधान झाले नाही तर 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे प्रत्येक कंपनीचा तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर लोकपाल आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: स्मार्ट मीटर बसल्यावर त्यात मंजुरीपेक्षा जास्त भार दिसला, तरी मीटर बसण्यापूर्वीच्या काळाचा दंड ग्राहकावर लादता येत नाही, असे 2023 च्या दुरुस्तीत स्पष्ट सांगितले आहे.

येथवर मी नव्या मीटरच्या बाजूने बोललो असे काहींना वाटेल. होय, मापाच्या बाजूने मी आहेच. घरबसल्या रोजचा वापर दिसणे ही चांगली गोष्ट आहे. अंदाजाने टाकलेले रीडिंग आणि ‘घर बंद होते’ ही सबब यांतून सुटका होते. माझा विरोध आहे तो ‘आधी पैसे, मग दिवा’ या सक्तीला. मोजण्याची रीत आणि पैसे घेण्याची रीत या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि 2021 पासून देशभर 25 कोटी मीटर बसविण्याची जी योजना निघाली, तिने त्या दोन्हींची एकच मोट बांधली आहे.

ही मोट सोडली पाहिजे. 2003 च्या कायद्याचे 56 वे कलम सांगते की, बिल थकले तरी पुरवठा तोडण्यापूर्वी ग्राहकाला पंधरा दिवसांची लेखी सूचना दिली पाहिजे. त्या पंधरा दिवसांत माणूस विचारणा करतो, चूक दाखवितो, मुलाला पैसे पाठवावयास सांगतो. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की सूचना म्हणजे मोबाइलवरची एक ओळ. रात्री अथवा सुटीच्या दिवशी दिवे जाणार नाहीत असे सांगितले जाते, ते ठीकच. परंतु सोय वेगळी आणि हक्क वेगळा. त्याच कायद्याच्या 47 व्या कलमात म्हटले आहे की, जो ग्राहक प्रीपेड मीटरने वीज घेण्यास तयार असेल त्याच्याकडून अनामत मागता येणार नाही. ‘तयार असेल’ या शब्दांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. तयारी ही ज्याची त्याने दाखवावयाची असते. पुढे 2020 च्या नियमांनी नवी जोडणी प्रीपेड मीटरनेच द्यावी असे म्हटले आणि तयारीची जागा सक्तीने घेतली. विधिज्ञांनी यावर वाद घालावा. मला तरी मूळ कायद्याचा सूर अधिक खरा वाटतो.

आपल्या घरांत आज कोण उरले आहे ते पाहा. मुले पुण्या-मुंबईस, नाहीतर अमेरिकेत. वाड्यात सत्तरीच्या पुढचे नवराबायको, किंवा एकटी आजी. पेन्शन महिन्यातून एकदा येते. किराण्याचा वाणी खाते ठेवतो, दूधवाला महिन्याचा हिशेब करतो, माझ्या शिष्यांचे पालकही महिनाअखेर देतात. अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाने मोबाइलवर शिल्लक पाहत बसावे, आणि ती आटू लागली की पंखा बंद करून मे महिन्याची दुपार काढावी, हे मला पाहवत नाही. माझ्या ओळखीच्या एक आजीबाई त्या उन्हाळ्यात देवघरातला दिवासुद्धा मोजून लावीत होत्या. तो दिवा महिन्याकाठी पाच-दहा रुपयेही खात नसेल. पण रोज कापल्या जाणाऱ्या आकड्याने त्यांच्या मनात धास्ती घातली ती घातलीच. महिन्याच्या बिलात एक विश्वास असतो: तुम्ही आमचे जुने गिऱ्हाईक, वापरा, मागून द्या. चाळीस-पन्नास वर्षे एक बिल न चुकविलेल्या घराला तो विश्वास नाकारण्याचे कारण काय? ज्याला प्रीपेड हवे त्याने घ्यावे. भाडेकरू, विद्यार्थी, काटकसरीने राहणारी जोडपी यांना ते सोयीचे आहे. पण ज्याला नको त्याच्यावर लादू नये.

दुसरी एक बाब तितकीच विचार करण्याजोगी आहे. 2023 च्या नियमांप्रमाणे सूर्यप्रकाशाच्या तासांत वीज किमान वीस टक्के स्वस्त आणि जास्त मागणीच्या वेळी घरगुती ग्राहकासही किमान दहा टक्के महाग करावयाची आहे. शेती सोडून सर्वांसाठी मुदत 1 एप्रिल 2025 ठरली होती, आणि प्रत्यक्ष आकडे त्या त्या राज्याचा आयोग ठरवितो. सौर वीज दुपारी मुबलक असते हे खरे, आणि कपडे धुण्याचे यंत्र दुपारी लावता येईल हेही खरे. परंतु घर म्हणजे कारखाना नव्हे. दिवेलागणीला घर जागे होते. माणसे कामावरून परततात, स्वयंपाक होतो, आरती होते, मुले अभ्यासाला बसतात. माझ्या शिकवणीला शिष्य येतात ते याच वेळी. यमन दुपारी बारा वाजता शिकवा म्हणजे वीज स्वस्त पडेल, असे मला कोणी सांगितले तर मी काय करावे? आयोग सूचना मागवितो, सुनावण्या घेतो; तेथे उद्योगवाले जातात, आपण जात नाही. संध्याकाळची बाजू मांडावयास घरवाल्यांनीच गेले पाहिजे.

आपल्या शहराने एक मोठी गोष्ट पूर्वी केली आहे. 1886 मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली आणि गाणे स्वरलिपीत लिहून शिकविण्याचा पाया घातला. विद्या तोवर उस्तादाच्या कंठात होती. तो सांगेल ते प्रमाण. लिपी आल्यावर शिष्याला कागद उघडून पाहता आले की, मात्रा कोठे पडली, सम कोठे आली. उस्तादाचा मान त्याने कमी झाला नाही. शिष्याचा मात्र वाढला. विजेच्या बिलाला अशी स्वरलिपी हवी: रोजचे युनिट वेगळे, जुनी बाकी वेगळी, अधिभार वेगळा, शुल्क वेगळे, आणि गेल्या वर्षीचा हाच महिना शेजारी छापलेला.

ते होईपर्यंत आपण आपल्यापुरते करावे. आपल्या मंडळांतून व्याख्यानमाला होतात, गणेशोत्सवात कार्यक्रम होतात. त्यांतली एक संध्याकाळ बिल वाचण्यास द्यावी. जाणत्या तरुणांनी फळ्यावर हिशेब मांडावा, म्हाताऱ्यांनी आपली बिले घेऊन यावे, ज्यांचे युनिट विनाकारण वाढलेले दिसतील त्यांचा पडताळणीच्या मीटरसाठीचा अर्ज तेथेच लिहून द्यावा. मीटर फोडण्याने काही साधणार नाही आणि मुकाट्याने भरण्यानेही नाही. काट्यावर नजर ठेवणाऱ्या गिऱ्हाईकाला दुकानदार जपून माप घालतो. आपल्या पणज्या-आज्यांना हे ठाऊक होते, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नव्हता.